कावळा, फांदी आणि फॅन्टसीलँड : 'मुळे' हा शब्द कधी लिहायचा?

संशोधन प्रस्तावात सगळ्यात सहज लिहिला जाणारा आणि सिद्ध करायला सगळ्यात जड जाणारा शब्द कोणता, तर 'मुळे'. 'आंदोलनामुळे धोरण बदललं', 'वाचकांच्या नाराजीमुळे सदर बंद झालं', 'प्रेक्षकांच्या दबावामुळे शेवट बदलला'. असं वाक्य लिहायला अर्धा मिनिट पुरतं. पण मुलाखतीत समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत 'कशावरून?' एवढंच विचारलं, की त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो.

आपल्याकडे या चुकीसाठी एक नेमकी म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला. कावळा बसला हे खरं, फांदी तुटली हेही खरं, आणि बसल्यानंतर तुटली हेही खरं. पण कावळ्यामुळे तुटली का? फांदी आधीच किडलेली होती का, वारा होता का, तिच्यावर दुसरं काही लटकलेलं होतं का, हे बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही. इतिहासाच्या संशोधनातला अर्धा घाम या 'बघण्यात' जातो.

आज हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मुद्दाम 'गंभीर' घेतलेलं नाही: अमेरिकेतलं एक थीम पार्क, त्यातला बांधकाम चालू असलेला नवा भाग, आणि त्याच्या आराखड्यावरून हमरीतुमरीवर आलेले चाहते. करमणुकीच्या जागांचा इतिहास हा हलका विषय आहे असं वाटत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. यात कोणाचा आवाज इतिहासात शिल्लक राहतो आणि कोणाचा राहत नाही, हा प्रश्न आहे, आणि तो अजिबात हलका नाही.

आधी घटनाक्रम

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधलं सगळ्यात जुनं पार्क म्हणजे मॅजिक किंगडम. ते 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलं. त्याच्या मधोमध सिंड्रेलाचा किल्ला आहे आणि किल्ल्याच्या मागे परीकथांचा भाग, म्हणजे फॅन्टसीलँड. 1994 मध्ये तिथली '20,000 लीग्ज अंडर द सी' ही पाणबुडीची राइड बंद झाली. तिचं तळं नंतर दहा वर्षं तसंच होतं. 2004 मध्ये ते बुजवलं गेलं. म्हणजे पार्कच्या ऐन मोक्याच्या जागी एक मोठा तुकडा जवळजवळ रिकामा होता.

सप्टेंबर 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथं डिस्नीच्या अधिकृत चाहता-संघटनेचा, 'डी-23'चा, पहिला मोठा मेळावा भरला. त्यात डिस्नीच्या पार्क विभागाचे तेव्हाचे प्रमुख जे रसूलो यांनी फॅन्टसीलँडचा विस्तार जाहीर केला. चित्रं दाखवली गेली. त्यात काय होतं? 'लिटल मर्मेड'ची नवी राइड, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या बीस्टच्या किल्ल्यातलं रेस्टॉरंट, उडत्या डम्बोचं एकाऐवजी दोन पाळणे असलेलं रूप. त्याशिवाय सिंड्रेला आणि स्लीपिंग ब्यूटी यांची घरं, जिथं मुलांनी जाऊन राजकन्येला भेटायचं. आणि 'पिक्सी हॉलो', म्हणजे टिंकर बेल आणि तिच्या पऱ्यांचं गाव. ते मिकीच्या 'टूनटाउन फेअर' या भागाच्या जागी व्हायचं होतं.

चाहत्यांमध्ये वाद सुरू झाला तो याच यादीवरून. एका बाजूचं म्हणणं असं: एवढी मोठी जागा मिळाली आणि खरी नवी राइड एकच? बाकी सगळं रांगेत उभं राहून कुणाला तरी भेटायचं आणि फोटो काढायचा. शिवाय राजकन्या आणि पऱ्या सोडून यात काय आहे, हा तर निव्वळ मुलींचा भाग झाला, मुलांनी काय करायचं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं: पार्क लहान मुलांसाठी आहे, राजकन्येला भेटायला लोक तासन् तास थांबतात, मग त्यांच्यासाठी नीट जागा केली तर बिघडलं काय? बीस्टचा किल्ला सिंड्रेलाच्या किल्ल्याशी स्पर्धा करील का, मर्मेडची राइड कॅलिफोर्नियातल्या राइडची नक्कल असेल का, असे बारीक वादही होते. (किल्ल्याच्या प्रश्नाला नंतर प्रत्यक्ष बांधकामानं उत्तर दिलं. बीस्टचा किल्ला कृत्रिम खडकांच्या माथ्यावर अगदी छोटा बांधला आहे. खालून बघताना तो लांब आणि उंचावर असल्याचा भास होतो.)

बांधकाम 2010 मध्ये सुरू झालं. आणि मग जानेवारी 2011 मध्ये, भिंतींच्या आड काम चालू असतानाच, आराखडा बदलल्याचं जाहीर झालं. पिक्सी हॉलो गेलं. त्या जागी 'स्टोरीबुक सर्कस' आली. राजकन्यांची घरं गेली. त्या जागी 'सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन' नावाचं छोटं रोलर कोस्टर आलं. नवा भाग 6 डिसेंबर 2012 रोजी अधिकृतपणे उघडला आणि माइन ट्रेन 28 मे 2014 रोजी.

मोह पडेल अशी गोष्ट

आता बघा, गोष्ट कशी आपोआप तयार होते. 2009: आराखडा. त्यानंतर टीका. 2011: टीकेत जे मागितलं होतं तेच मिळालं. पऱ्या कमी झाल्या, राइड वाढली. निष्कर्ष: चाहत्यांच्या टीकेमुळे डिस्नीनं आराखडा बदलला.

ही गोष्ट अनेकांना आवडते आणि त्याची कारणं समजून घेणं हाही संशोधनाचा भाग आहे. चाहत्यांना आवडते, कारण त्यात ते जिंकतात. कंपनीचंही तिनं काही बिघडत नाही, कारण त्यात ती 'ऐकणारी' ठरते. आणि आपल्यासारख्या संशोधकांनाही आवडते, कारण 'सामान्य माणसानं बलाढ्य कंपनीला वाकवलं' हा प्रबंधाचा छान शेवट आहे. ज्या गोष्टीनं सगळ्यांचीच सोय होते, तिच्याकडे दुप्पट संशयानं बघायचं, हा नियम वहीत लिहून ठेवा.

संशयानं बघायचं म्हणजे गोष्ट खोटी आहे असं धरून चालायचं असं नाही. त्याच फांदीवर आणखी काय काय होतं, ते मोजायचं.

फांदीवर आणखी कोण होतं?

सप्टेंबर 2009 ते जानेवारी 2011 हे सोळा महिने कागदावर आडवे आखा आणि त्यावर चाहत्यांची टीका सोडून बाकीच्या घटना मांडा. निदान तीन तरी ठळकपणे दिसतात.

पहिली: माणूस बदलला. रसूलो आणि कंपनीचे अर्थप्रमुख टॉम स्टॅग्ज यांनी 1 जानेवारी 2010 पासून पदांची अदलाबदल केली. म्हणजे आराखडा जाहीर झाल्यावर चार महिन्यांच्या आत पार्कच्या खुर्चीत नवा माणूस होता. मोठ्या संस्थेत नवा साहेब आला की आधीच्या साहेबाच्या फायली पुन्हा उघडतात, हे सांगायला डिस्नीपर्यंत जायला नको.

दुसरी: शेजारी हॅरी पॉटर आला. 18 जून 2010 रोजी ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या 'आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर' पार्कमध्ये हॅरी पॉटरचा भाग उघडला आणि पहिल्याच दिवशी प्रचंड रांगा लागल्या. पार्क-उद्योगाच्या वार्षिक अंदाजांनुसार त्या पार्कला 2009 मध्ये साधारण 46 लाख लोक आले होते. 2010 मध्ये ते 59 लाखांवर गेले आणि 2011 मध्ये 76 लाखांच्याही वर.

इथं थोडं थांबा, कारण एक सापळा आहे. 2011 चा आकडा कितीही आकर्षक असला तरी जानेवारी 2011 च्या निर्णयाचं कारण म्हणून तो वापरता येत नाही. तो आकडा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी काय होतं, एवढंच मोजायचं. जूनमधल्या रांगा त्यांना दिसत होत्या, हे म्हणता येईल. उलट बाजूनं असंही विचारायला हवं की हॅरी पॉटरची घोषणा तर 2007 मध्येच झाली होती, मग 2009 चा आराखडा करताना डिस्नीला ते माहीत नव्हतं का? माहीत होतंच. म्हणजे 'स्पर्धेमुळे' हे उत्तरही जसंच्या तसं चालत नाही. 'स्पर्धा येणार' हे माहीत असणं आणि ती डोळ्यांदेखत गर्दी खेचताना दिसणं, यांत फरक आहे, असं म्हणायचं असेल तर तो फरक वेगळा दाखवावा लागेल.

तिसरी घटना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती पार्कमध्ये घडलेलीच नाही. त्या काळात 'मुलगे आपल्याकडे येत नाहीत' ही चिंता संबंध कंपनीला होती. फेब्रुवारी 2009 मध्ये डिस्नीनं अमेरिकेत 'डिस्नी एक्सडी' ही मुलग्यांना डोळ्यासमोर ठेवून काढलेली वाहिनी सुरू केली. 31 ऑगस्ट 2009 रोजी, म्हणजे फॅन्टसीलँडच्या घोषणेच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, मार्व्हल विकत घेण्याचा करार जाहीर केला; मुलग्यांपर्यंत पोचण्याचा मार्ग म्हणूनही त्याकडे बघितलं गेलं. डिसेंबर 2009 मध्ये 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' आला आणि अपेक्षेइतका चालला नाही. मग 2010 च्या सुरुवातीला येऊ घातलेल्या 'रॅपन्झेल' या चित्रपटाचं नाव बदलून 'टँगल्ड' केलं गेलं. राजकन्येचं नाव दिसलं की चित्रपट फक्त मुलींचा वाटतो, ही काळजी त्यामागे होती, हे कंपनीच्या लोकांनीच तेव्हा वृत्तपत्रांना सांगितलं.

आता हे आपल्या प्रश्नाशेजारी ठेवा. त्याच काळात, त्याच कंपनीनं, एका वेगळ्या विभागात, नेमका त्याच दिशेचा बदल केला: राजकन्या थोडी मागे, साहस थोडं पुढे. आणि त्या निर्णयाशी फॅन्टसीलँडवर वाद घालणाऱ्या पार्कच्या चाहत्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे चाहते नसतानाही फांदी त्याच बाजूला वाकत होती.

याला संशोधनाच्या भाषेत पर्यायी स्पष्टीकरण म्हणतात. आपलं आवडतं कारण काढून टाकलं, तरी परिणाम तसाच झाला असता का? याचं उत्तर 'कदाचित हो' असेल, तर 'मुळे' लिहिताना पेन थांबायला हवं.

नक्की बदललं काय?

बरेच विद्यार्थी कारणांच्या मागे इतके लागतात, की परिणाम नीट बघायचा राहून जातो. 'आराखडा बदलला' म्हणजे काय झालं? 'पऱ्या-राजकन्या गेल्या, कोस्टर आलं' हे वर्णन ढोबळ आहे, आणि ढोबळ वर्णनाला ढोबळ कारण सहज चिकटतं.

बारकाईनं बघितलं तर राजकन्या कुठंही गेल्या नाहीत. त्यांचं घर बदललं. जुन्या फॅन्टसीलँडमध्ये 1971 पासून स्नो व्हाइटची एक राइड होती, नंतर तिचं नाव 'स्नो व्हाइट्स स्केअरी अॅडव्हेंचर्स' झालं. जानेवारी 2011 च्या त्याच घोषणेत ती बंद करायचं ठरल्याचं सांगितलं गेलं. 31 मे 2012 रोजी ती थांबली आणि तिच्या इमारतीत सप्टेंबर 2013 मध्ये 'प्रिन्सेस फेअरीटेल हॉल' उघडला. हा कशासाठी? राजकन्यांना भेटण्यासाठी!

म्हणजे हिशेब असा झाला. एक नवी राइड मिळाली, एक जुनी राइड गेली, आणि राजकन्यांची भेट वेगवेगळ्या घरांतून एका छपराखाली आली. चाहत्यांची मागणी 'भेटीच्या जागा कमी करा, राइड वाढवा' अशी होती. ती मान्य झाली म्हणायची, तर एक चालू राइड मोडून तिथं भेटीची जागा का केली, याचं उत्तर द्यावं लागतं. उलट जागेच्या वापराचा हिशेब म्हणून बघितलं, तर गोष्ट बरीच सरळ दिसते: भेटीगाठींना एक वातानुकूलित इमारत पुरते, आणि मोकळी झालेली ऐन मधली जमीन मोठ्या आकर्षणाला देता येते.

माइन ट्रेनची रचनाही हेच सुचवते. ती भीतीदायक कोस्टर नाही. डबे दोन्ही बाजूंना झोके घेतात, चढउतार माफक आहेत, आणि 38 इंच म्हणजे साधारण 97 सेंटिमीटर उंचीचं मूल तिच्यात बसू शकतं. गोष्ट पुन्हा स्नो व्हाइटचीच. म्हणजे 'मुलग्यांसाठी' काहीतरी आणलं असं म्हणण्यापेक्षा, संबंध कुटुंबाला एकत्र बसता येईल असं काहीतरी आणलं, हे वर्णन जास्त नेमकं आहे. परिणामाचं वर्णन असं नेमकं केलं, की कारणांच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

हरलेल्या मागण्या शोधा

आता सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती. चाहत्यांच्या मागणीत ताकद होती की नाही हे जिंकलेल्या एका मागणीवरून कळत नाही. हरलेल्या मागण्या शेजारी मांडल्या, की कळतं.

त्याच फॅन्टसीलँडचं 1997-98 सालचं उदाहरण घ्या. तिथं 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' ही 1971 पासूनची राइड होती. ती बंद होणार अशी कुणकुण 1997 मध्ये लागली. चाहते नुसते बोलून थांबले नाहीत. हिरवे टी-शर्ट घालून ते पार्कमध्ये ठरवून जमत, राइडच्या रांगेत उभे राहत, इतर पाहुण्यांशी बोलत. याला त्यांनी 'टोड-इन' असं नाव दिलं होतं. पत्रं लिहिली गेली, वृत्तपत्रांत बातम्या आल्या. 2009-11 च्या वादापेक्षा हा विरोध कितीतरी जास्त संघटित होता. आणि झालं काय? 7 सप्टेंबर 1998 रोजी राइड बंद झाली. 1999 मध्ये त्या जागी विनी द पूची राइड उघडली.

स्नो व्हाइटच्या राइडचंही तेच. ती जाऊ नये असं वाटणारे चाहते होते, त्यांनी तसं सांगितलंही. राइड गेली. पाणबुड्यांची राइड परत यावी असं तर वर्षानुवर्षं म्हटलं जात होतं. ती आली नाही.

हे एकत्र मांडलं की एक आकृती दिसू लागते. जोरदार, संघटित, दृश्य विरोध: अपयश. तुलनेनं विखुरलेली कुरकुर: 'यश'. आवाजाची ताकद हे कारण असतं, तर निकाल उलटे लागायला हवे होते. म्हणजे निकाल दुसऱ्याच कशावर तरी ठरत होता. माझं म्हणणं असं: चाहत्यांची मागणी तेव्हाच 'जिंकते', जेव्हा ती कंपनीच्या आधीपासून चाललेल्या चिंतेशी जुळते. 2010 मध्ये ती जुळली. 1998 मध्ये जुळली नाही, कारण पू हे तेव्हा खेळणी आणि कपडे खपवणारं मोठं नाव होतं आणि टोड तसं नव्हतं.

हे गृहीतक आहे, निकाल नाही. पण ते चांगलं गृहीतक आहे, कारण ते खोटं ठरू शकतं. कंपनीच्या चिंतेच्या विरुद्ध जाणारी आणि तरीही मान्य झालेली मागणी तुम्ही दाखवलीत, की मला ते मागे घ्यावं लागेल. आपलं विधान कशानं कोसळेल हे ज्या प्रस्तावात लिहिलेलं असतं, तो प्रस्ताव निवड समिती जास्त विश्वासानं वाचते.

हरलेल्या मागण्यांचं पुढं काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. पूच्या राइडमध्ये घुबडाच्या घरातल्या भिंतीवर एक चित्र टांगलेलं आहे: मिस्टर टोड घुबडाला घराची कागदपत्रं सोपवतोय. मर्मेडच्या राइडच्या खडकांत जुन्या पाणबुडीचा आकार लपवलेला आहे. आणि माइन ट्रेनच्या शेवटी झोपडीत नाचणारे बुटके दिसतात, त्यातले काही मोडलेल्या स्नो व्हाइट राइडमधूनच आणलेले आहेत. मागणी नाकारायची, पण आठवण जपायची. चाहत्याला निर्णयात जागा मिळत नाही; ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल अशी खूण मिळते. 'चाहत्यांचा प्रभाव' या विषयावर कुणी प्रबंध लिहिणार असेल, तर या खुणांचं एक प्रकरण होऊ शकतं. इथं बांधलेली वास्तूच साधन आहे, आणि तिचं वाचन करायला कंपनीच्या परवानगीची गरज नाही.

साधनं कोणती, आणि त्यात कोण नाही?

अशा विषयावर काम करायचं तर हाताशी काय काय असतं? घोषणेची चित्रं आणि निवेदनं. वृत्तपत्रं. चाहत्यांनी लिहिलेलं आणि काढलेले बांधकामाचे फोटो. सरकारी परवाने: फ्लोरिडात जमिनीची आणि पाण्याच्या निचऱ्याची मोठी कामं करायची तर दक्षिण फ्लोरिडा जलव्यवस्थापन जिल्ह्याकडे आराखडे द्यावे लागतात, आणि हे कागद कुणालाही बघता येतात. चाहते ते वाचून भिंतीआड काय चाललंय याचे अंदाज बांधतात. आणि शेवटी प्रत्यक्ष वास्तू.

हाताशी काय नसतं? जिथं निर्णय झाला त्या बैठकांची इतिवृत्तं. ती कंपनीच्या कपाटात असतात. म्हणजे 'का?' याचं थेट उत्तर ज्या कागदात आहे तोच मिळत नाही आणि बाकी ढीगभर मिळतं. मग होतं असं, की जे मिळतं त्यालाच कारण मानायचा मोह होतो. चाहत्यांचं बोलणं सगळ्यात जास्त उपलब्ध, म्हणून चाहते सगळ्यात प्रभावी! हरवलेली किल्ली अंधारात पडलेली आणि आपण शोधतोय दिव्याखाली, तसलाच हा प्रकार. साधनांची विपुलता आणि घटनेतलं महत्त्व या दोन गोष्टी कधीच एक समजू नका.

आणि आता सुरुवातीला म्हटलं होतं तो प्रश्न. पिक्सी हॉलो कुणासाठी होतं? साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलीसाठी. ती या वादात कुठं आहे? कुठंच नाही. तिनं काही लिहिलं नाही, ती परवान्यांचे कागद वाचत नव्हती, 'डी-23'च्या मेळाव्यात तिनं प्रश्न विचारला नाही. तिच्या वतीनं बोलणारे काही आईवडील होते, पण वाद घालणारे बहुतेक मोठे होते, आणि मोठ्यांना हवं होतं ते मोठ्यांना आवडेल असं पार्क.

आता ती 'यशोगाथा' पुन्हा वाचा: चाहत्यांनी वेळीच आवाज उठवला आणि फॅन्टसीलँड 'निव्वळ मुलींचं' होण्यापासून वाचलं. या वाक्यात एक निकाल लपलेला आहे. मुलींसाठी केलेली जागा म्हणजे वाया गेलेली जागा, आणि मुलग्यांना आवडेल अशी जागा म्हणजे सगळ्यांची जागा, हे त्यात न बोलता धरलेलं आहे. 'मुळे' या शब्दाची घाई केली की नुसती तर्काची चूक होत नाही. वाद जिंकणाऱ्यांची भाषाच आपल्या इतिहासाची भाषा होऊन बसते. ज्या मुलीसाठी ते गाव आखलं होतं, ती आधी आराखड्यातून गेली आणि मग आपल्या प्रबंधातूनही.

तिला परत आणता येईल का? थोडंफार येईल. 2009 चा आराखडा 'फसलेली कल्पना' म्हणून न वाचता गंभीरपणे वाचला, तर कंपनीनं तेव्हा लहान मुलीचं खेळणं कसं कल्पिलं होतं ते कळतं: पाळण्यात बसून फिरण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी जाणं, बोलणं, गोष्टीत भाग घेणं. त्यातलं बेलचं घर प्रत्यक्ष बांधलं गेलं, आणि तिथं मुलं अजूनही गोष्टीतली पात्रं होतात. न बांधलेल्या वास्तूंचा इतिहास हा बांधलेल्या वास्तूंइतकाच खरा इतिहास आहे.

मग वाक्य लिहायचं कसं?

तुमच्या प्रस्तावात असं एखादं 'मुळे' असेल, मग विषय नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा असो, अभ्यासक्रमाच्या बदलाचा असो की एखाद्या मालिकेच्या शेवटाचा, तर पुढचे चार प्रश्न त्याला विचारा. परिणामाचं नेमकं वर्णन केलंय का? त्याच काळात त्याच दिशेला ढकलणारं आणखी काय होतं? तशीच मागणी जिथं हरली असं उदाहरण शोधलंय का? आणि आपल्या साधनांत जो बोलतच नाही, तो कोण?

फॅन्टसीलँडबद्दल मी आज एवढंच लिहीन: 'कंपनीत आधीच मुरलेली चिंता, नवं नेतृत्व आणि शेजारची स्पर्धा अशा परिस्थितीत चाहत्यांची टीका आली, ती परिस्थितीशी जुळणारी असल्यानं बदलाला सोयीची ठरली, पण तिनंच बदल घडवला असं उपलब्ध साधनांवरून म्हणता येत नाही.' वाक्य लांबलंय, कबूल. 'चाहत्यांमुळे आराखडा बदलला' हे तीनच शब्दांत झालं असतं. पण लांब वाक्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे दाखवायला काहीतरी आहे, आणि कुणी 'कशावरून?' विचारलं तर सांगायलाही.